बसल्यावरचं माप

त्या खोलीच्या दाराबाहेर, चपलांच्या कप्प्यावर, एक पाटी होती: 'चपला आणि अंदाज बाहेर ठेवावेत.' पाटी त्यानंच लिहिली होती, वळणदार अक्षरात. रंग उडाला की तो स्वतः ब्रश घेऊन बसायचा आणि अक्षरं पुन्हा गडद करायचा. खोलीत डोक्यातल्या रक्ताचा वेग मोजायचं यंत्र होतं आणि गेली अकरा वर्षं ते यंत्र त्याच्या हातात होतं. सगळं हॉस्पिटल त्याला 'तंतोतंत' म्हणायचं. तोंडावर म्हणायचं आणि त्यालाही ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फारच आवडायचं.

कुणी सहज म्हणालं, "सत्तरच्या आसपास असेल ना वेग?" की याचं सुरू, "आसपास? आसपास म्हणजे काय? आसपास गल्ली असते. आकडा म्हणजे आकडा." नवीन शिकायला आलेल्या पोरींना तर तो असं झाडायचा की त्या चहाच्या टपरीवर त्याची नक्कल करून हसायच्या. त्याला ते माहीत होतं. हसू देत, म्हणायचा, चुका तरी करणार नाहीत.

तर अशा या माणसानं शेण खाल्लं. आणि खाल्लं ते कशासाठी, हे ऐकलंत तर तुम्ही कपाळावर हात माराल.

आधी काम सांगतो, म्हणजे नीट कळेल. पाठीच्या मणक्यात सुई घालून आतलं पाणी तपासायला काढतात. साधी गोष्ट आहे, रोज होते. पण काहींच्या बाबतीत सुईचं भोक लगेच बुजत नाही, पाणी आतल्या आत झिरपत राहतं. मेंदू त्या पाण्यावर तरंगत असतो. पाणी कमी झालं की माणूस उठून बसताच मेंदू खाली ओढला जातो, रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं असं ठणकायला लागतं की बघवत नाही. गंमत म्हणजे आडवं झालं की थांबतं. म्हणून तर घरच्यांना ते नाटक वाटतं. कामाला उठवलं की दुखतं आणि लोळलं की थांबतं, असलं कसलं हो दुखणं? पण असतं, असंच असतं.

हे दुखणं कुणाला धरणार ते रक्ताच्या वेगावरून आधीच कळेल का, असा डॉक्टरबाईंचा अभ्यास चालला होता. दोन वर्षं झाली होती. नियम सोपा होता. पाणी काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटला या खोलीत आणायचं. कानशिलावर, जिथं हाड पातळ असतं तिथं, चिकट जेल लावून पेनाएवढी दांडी टेकवायची. यंत्रातून रक्ताचा सूं-सूं आवाज यायला लागला की वेग टिपायचा. हे आडवं असतानाचं माप. मग पेशंटला उठवून दहा मिनिटं बसवायचं आणि पुन्हा मोजायचं. हे बसल्यावरचं माप. शेवटी विचारायचं, डोकं किती दुखतंय, शून्य ते दहा? चार किंवा वर आकडा आला, की लगेच डॉक्टरबाईंना बोलवायचं आणि पेशंटला घरी सोडायचं नाही.

त्या सकाळी आलेल्या बाई पंचावन्नच्या होत्या. चाव्या बनवायच्या. नवऱ्यामागं त्याचं दुकान त्यांनीच चालवलं होतं. दुकान कसलं, रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक पेटी, वर छत्री आणि खाली स्टूल. पायांना सारख्या मुंग्या येतात म्हणून चार तासांचा बसप्रवास करून एकट्याच आल्या होत्या आणि आदल्या दिवशी त्यांचं पाणी काढलं होतं. ट्रॉलीवर आडव्या पडल्या पडल्या त्यांनी त्याच्या हातातल्या दांडीकडं पाहिलं.

"भाऊ, डोक्याचं कुलूप उघडताय का? बघा हं, आत काही सापडायचं नाही."

तो हसला नाही. कामाच्या वेळी तो हसत नसे. आडवं असतानाचं माप त्यानं छान घेतलं, एकसष्ट. मग ट्रॉलीची पाठ वर करायला वाकला, तशी बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"बसवू नका हो. सकाळी तोंड धुवायला उठले, तर भिंत धरून परत आले. डोक्यात कुणी घणाचे घाव घालतंय असं झालं. आडवी आहे तोवर ठीक आहे. पाया पडते तुमच्या, बसवू नका."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

आता ऐका. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या विभागाचा फोटो निघायचा होता. बाहेरून कुणी मोठे पाहुणे येणार होते. अभ्यासातली सगळी मंडळी रांगेत उभी राहणार होती आणि तंतोतंत डॉक्टरबाईंच्या शेजारी, पहिल्या रांगेत. डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलं होतं, "तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं, तुमच्या हातांवर हा अभ्यास उभा आहे." आणि केस तर कानावर आलेले! समोरच्या न्हाव्यानं साडेअकराचा नंबर दिला होता आणि बजावलं होतं, की साहेब, उशीर केलात तर मी दुपारी गावाला चाललोय, परवा येईन. बाईंना बसवायचं म्हणजे दहा मिनिटं. त्यात त्यांना मळमळणार, उलटी होणार, सगळं पुसून पुन्हा जेल, पुन्हा कानशिलावर जागा शोधणं. वर दुखण्याचा आकडा चारच्या पुढं जाणार, म्हणजे डॉक्टरबाईंना फोन, त्या येईपर्यंत थांबणं आणि सगळं समजावणं. बारा वाजले असते.

"बरं, राहू द्या," तो म्हणाला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव तुमचं भलं करो, भाऊ."

त्यानं कागद पुढं ओढला. बसल्यावरचं माप: एकोणसाठ. नेहमी दोनेक आकड्यांचा फरक पडतो, तेवढा त्यानं पाडला. डोकेदुखी: शून्य. एक लिहिलं असतं तर कुणी विचारलं असतं, दोनला तर विचारलंच असतं. शून्याला कुणी काही विचारत नाही. खाली सही केली आणि बाहेर येऊन चपला घातल्या. पाटी त्याच्या डोक्याच्या अगदी वर होती. त्यानं वर पाहिलं नाही.

त्याच कागदावर विसंबून बाईंना दुपारी घरी सोडलं. केस मात्र झकास कापले गेले.

पाच दिवसांनी बाई परत आल्या. या वेळी चालत नाही, लेकीच्या गाडीत मागच्या सीटवर आडव्या पडून. लेक लांब दुसऱ्या गावात नोकरीला होती. चार दिवस आई फोनवर "बरं आहे गं" म्हणत राहिली, पण चौथ्या दिवशी आवाज ऐकून पोरगी घाबरली आणि थेट घरी गेली. पाहते तर आई जमिनीवर सतरंजी टाकून पडलेली, उशाला पाण्याचा तांब्या आणि चार दिवसांत पोटात धड काही नाही.

डॉक्टरबाईंनी तंतोतंतला वॉर्डात बोलावून घेतलं. त्याचा कागद त्यांच्या हातात होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्या कागदाचं पांढरं टोक लांबून दिसलं आणि याची पावलं दारातच अडली.

"बरं झालं तुम्ही आलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला जरा कोडं पडलंय." मग बाईंकडं वळल्या. "मावशी, नीट आठवून सांगा. पाणी काढल्यावर दुसऱ्या दिवशी यांनी तुम्हाला दहा मिनिटं बसवलं होतं. तेव्हा डोकं अजिबात दुखत नव्हतं?"

झालं, तंतोतंतला वाटलं. आता बाई सांगणार. आणि खरं सांगू का, मनाच्या एका कोपऱ्यात त्याला बरंही वाटलं, की आता आपल्याला बोलावं लागणार नाही.

बाईंनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण मान आखडलेली होती. नुसते डोळे फिरवून त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, पुरता क्षणभर.

"बसले होते की," त्या म्हणाल्या. "चांगली दहा मिनिटं बसले. काही दुखत नव्हतं."

"मग कधी सुरू झालं?"

"घरी गेल्यावर. तिसऱ्या दिवशी."

"आडवं पडल्यावर थांबतं?"

"आधी थांबायचं. आता थोडं राहतंच."

डॉक्टरबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. लेकीला बाजूला घेऊन सांगायला लागल्या, पण आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "सुईमुळं दुखत असतं तर बहुतेक दुसऱ्या दिवशी बसवल्यावरच कळलं असतं. तेव्हा तर शून्य होतं आणि रक्ताचा वेगही सरळ. हे नंतर सुरू झालंय, मान आखडली आहे, अंग जरा गरम लागतंय. आत संसर्ग झाला नाही ना, ते बघायलाच हवं. पुन्हा पाणी काढावं लागेल."

"पुन्हा सुई?" लेक म्हणाली. "अहो, एका सुईनं ही दशा झाली तिची."

"मलाही हौस नाही. पण हा कागद नसता तर मी वेगळा विचार केला असता. यांचं माप चुकत नाही, विचारा कुणालाही."

तंतोतंत उभा होता. तोंड उघडून दोन वाक्यं बोलायची होती. तेवढं त्याला जमलं नाही. डॉक्टरबाई तयारीला गेल्या, लेक संमतीच्या कागदावर सही करायला गेली आणि खाटेपाशी तो आणि बाई दोघंच उरले.

"भाऊ," बाई कुजबुजल्या, "घाबरलात होय? चेहरा कसा उतरलाय तुमचा. मी काही सांगायची नाही."

"ताई, तुम्ही खोटं का बोललात?"

"मग काय खरं बोलू? तुमच्या पोटावर पाय देऊ?" बोलताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. उजेड सहन होत नव्हता. "तुमच्या दारावरची पाटी वाचली होती मी. ट्रॉली बाहेर थांबली होती ना, तेव्हा. तिथल्या मुलींनी पण सांगितलं, हे साहेब फार कडक, देवालासुद्धा सवलत द्यायचे नाहीत. आणि असा माणूस माझ्यासाठी नियम मोडून खोटं लिहितो! केवढी माया म्हणायची ती. बसमध्ये मागच्या लांब सीटवर पडून आले, कंडक्टर ओरडत होता आणि मी तुम्हाला आशीर्वाद देत होते. घरी पडल्या पडल्यासुद्धा. म्हटलं, जगात असे लोक आहेत अजून."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर तो त्या क्षणी आनंदानं गेला असता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. शिव्या दिल्या असत्या, कागद तोंडावर फेकला असता, तर निदान अंग चोरून उभं राहता आलं असतं. आशीर्वादापुढं माणसानं उभं तरी कसं राहायचं?

"येतो," एवढंच म्हणाला आणि निघाला.

हो, निघाला! तेव्हाही बोलला नाही. व्हरांड्यात आला, तर समोर भिंतीवर फोटो. फ्रेमसुद्धा झाली होती. पहिली रांग, डॉक्टरबाईंच्या उजव्या हाताला हा, कानामागून कशी रेघ मारल्यासारखी कापणी, हसरा चेहरा. त्या दिवशी बायकोला मोबाइलवर हाच फोटो दाखवला होता. ती म्हणाली होती, "बाई बाई, नवरदेवच की!" आणि तो दोन दिवस त्या वाक्यावर खूश होता.

फोटोसमोर उभं राहून त्यानं मनाशी बरीच वकिली केली. समजा खरंच संसर्ग असला तर? मग पाणी काढायलाच हवं, आपण मध्ये पडून घोळ कशाला घालायचा? डॉक्टरबाई एवढ्या शिकलेल्या, त्यांना कळत नाही का? एक आकडा तो काय, शंभराच्या वर कागद आहेत आपले, एका कागदानं काय होतं? आणि बाईंनी स्वतःच तर सांगितलं, बसले होते म्हणून. आता आपण सांगितलं तर त्याच खोट्या ठरतील. हा शेवटचा मुद्दा तर त्याला इतका पटला की दोन पावलं तो आपल्या खोलीकडं चाललासुद्धा. म्हणजे बघा, स्वतःची लाज झाकायला माणूस दुसऱ्याच्या अब्रूचं पांघरूण ओढतो.

तेवढ्यात शेजारून नर्स गेली. हातात झाकलेला ट्रे होता. झाकणाखाली काय असतं ते त्याला पाठ होतं: सुई, नळ्या, कापूस. बाई परत कुशीवर वळणार, गुडघे पोटाशी घेणार, पाठीला नवं भोक पडणार. जुनं अजून झिरपतंय, त्यात दुसरं. आणि त्या तशाच निमूट पडून राहणार, भाऊंचं नाव सांभाळत.

तो पळाला. या वयात, पॉलिश केलेल्या फरशीवर, अनवाणी. वॉर्डातून बोलावणं आलं तेव्हा घाईत चपला आपल्या खोलीबाहेरच राहिल्या होत्या.

"थांबा," तो तयारीच्या खोलीच्या दारातूनच ओरडला. बाईंना अजून आत आणलं नव्हतं. डॉक्टरबाई हातमोजे चढवत होत्या. "सुई घालू नका. तो कागद खोटा आहे."

"कुठला कागद?"

"माझा. मी त्यांना बसवलंच नव्हतं. बसल्यावरचा आकडा मी मनानं लिहिला. त्यांना त्याच सकाळी दुखत होतं. त्यांनी मला सांगितलं होतं, घणाचे घाव पडतात म्हणून. मी शून्य लिहिलं."

डॉक्टरबाईंनी मोजा अर्धा चढवलेला हात तसाच धरला. "का?"

इथं काहीतरी बरं कारण असतं तर किती बरं झालं असतं. घरी कुणी आजारी होतं, यंत्र बिघडलं होतं, चक्कर आली होती. त्यानं डोक्यात शोधलंही.

"केस कापायला जायचं होतं," तो म्हणाला. "फोटोसाठी."

नर्सनं ट्रे खाली ठेवला. डॉक्टरबाई चिडल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटत होतं. त्यांनी मोजा काढला आणि टेबलावर ठेवला.

"असे किती कागद आहेत?"

"हा एकच. शपथ घेतो."

"मी कशावरून मानू?"

अकरा वर्षं तो लोकांना हेच विचारत आला होता, कशावरून? आज पहिल्यांदा तो प्रश्न त्याच्या अंगावर आला आणि त्याच्याकडं दाखवायला काही नव्हतं.

"तुमच्या हातचे एकशे बारा कागद आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते सगळे बाजूला काढावे लागतील. दोन वर्षं गेली. ते मी नंतर बघेन, आणि वर काय लिहायचं तेही. आता आधी त्या बाई." मग नर्सला भराभर सांगितलं, रक्त तपासायला पाठवा, ताप पुन्हा बघा, भूलतज्ज्ञांना बोलवा. जाता जाता वळल्या. "आणि त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

रक्तात संसर्गाची काही खूण निघाली नाही. ताप पुन्हा मोजला तर नव्हताच, गाडीतल्या उन्हानं अंग तापलं असावं. भूलतज्ज्ञ आले. बाईंच्याच दंडातून रक्त काढून त्यांनी ते पाठीत, जुन्या भोकाच्या जवळ सोडलं. रक्त तिथं गोठतं आणि भोक बुजतं. सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावतात ना, तसंच, फक्त ठिगळ आपल्याच रक्ताचं. दोन तास सरळ पडून राहायचं आणि मग उठवून बघायचं.

त्या दोन तासांत तो खाटेपाशी गेला. लेक स्टुलावर बसली होती. त्याला वाटलं होतं, ती कुठं गेली असेल तर आधी बाईंना एकट्यांना सांगू. पण ती काही हलली नाही आणि तिला जा म्हणायचा त्याला हक्क नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "ती माया नव्हती."

बाईंनी डोळे उघडले.

"तुम्हाला बसवलं नाही ते तुमच्यासाठी नाही. मला घाई होती. केस कापायचे होते. तुम्हाला दुखतंय हे मला कळलं होतं आणि तरी मी शून्य लिहिलं, कारण शून्य लिहिलं की थांबावं लागत नाही. ते पाच दिवस माझ्यामुळं गेले तुमचे. आणि आज सकाळी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, तेव्हाही मी गप्प बसलो."

लेक उठून उभी राहिली. "केस? तुमच्या केसांसाठी? माझी आई चार दिवस जमिनीवर पडून होती. तांब्या उचलायला उठावं लागतं म्हणून पाणीसुद्धा कमी प्यायची. आणि काका, तुम्ही इथं येऊन..." तिचा आवाज फुटला.

त्यानं मान खाली घातली. त्याचे अनवाणी पाय त्याला दिसले, आणि फरशी.

बाई छताकडं बघत म्हणाल्या, "मला वाईट कशाचं वाटतंय सांगू? दुखलं त्याचं नाही. दुखणं काय, येतं नि जातं. मी पडल्या पडल्या शेजारणीला सांगितलं हो तुमच्याबद्दल. तिलाही भरून आलं होतं. आता तिला काय सांगू?"

लेकीनं आईचं पांघरूण सारखं केलं.

"जा आता," लेक म्हणाली.

तो गेला. खोलीबाहेर येऊन चपलांच्या कप्प्यावरची पाटी काढली, खिळ्यासकट, आणि कपाटामागं उलटी करून ठेवली. बोटात खिळा घुसला, पण त्याबद्दल त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायची सोय नव्हती.

दोन तास झाल्यावर वॉर्डातून निरोप आला, मापासाठी तयारी करा. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल. पण ते यंत्र हाताळणारं दुसरं कुणी त्या दिवशी नव्हतंच. डॉक्टरबाईंनी फोनवर एवढंच म्हटलं, "माप तुम्ही घ्या. त्यांची मुलगी शेजारी बसेल. सही दोघांची."

ट्रॉली आली. मागून लेक आली, तिनं दाराबाहेर चपला काढल्या आणि वर भिंतीवर पाटीच्या जागचा चौकोन पाहिला. आत येऊन स्टूल ओढलं, मोबाइल काढला.

"वेळ मी लावणार," ती म्हणाली.

"लावा," तो म्हणाला.

त्यानं आडवं असतानाचं माप घेतलं. मग वाकून ट्रॉलीची पाठ एक एक टप्पा वर केली, बाईंच्या चेहऱ्याकडं बघत. बाईंनी दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या होत्या. पूर्ण बसत्या झाल्या तेव्हा त्यांनी श्वास रोखला, आणि सोडला. लेकीनं मोबाइलवर बोट टेकवलं.

दहा मिनिटं. दोन वर्षांत त्यानं ही दहा मिनिटं कितीदा मोजली असतील, पण ती एवढी लांब असतात हे त्याला माहीत नव्हतं. दांडी धरून त्याचा खांदा भरून आला, तरी त्यानं हात बदलला नाही. बोटाला खिळा लागला होता तिथून बारीक रक्त येत होतं, ते त्यानं मुठीत दाबून धरलं. यंत्रातून बाईंच्या डोक्यातलं रक्त सूं-सूं वाहत होतं, एका लयीत, कुणावरही न रुसता.

"झाली," लेक म्हणाली.

त्यानं वेग वाचला. लेकीनंही वाकून पडद्यावरचा आकडा वाचला. अठ्ठावन्न. दोघांचं जुळलं.

आता शेवटचा प्रश्न उरला होता. मनातून त्याला काय ऐकायचं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. शून्य. बाई शून्य म्हणाल्या तर भोक बुजलं, त्रास संपला, त्याच्या छातीवरचा दगडही थोडा हलला असता. आणि त्या म्हणतीलही, त्याच्याकडं बघून म्हणतील, अशा बाई होत्या त्या. त्याचीच त्याला भीती वाटली.

"ताई, डोकं किती दुखतंय? शून्य ते दहा."

बाईंनी डोळे मिटले. मान हळूच डावीकडं वळवली, मग उजवीकडं. वळत होती आता. मग कपाळावर बोट ठेवलं, जिथं काही राहिलं असेल ते चाचपून बघितल्यासारखं.

"एक," त्या म्हणाल्या. "इथं, किंचित. आधी नऊ होतं, आता एक आहे." डोळे उघडून त्यांनी सरळ त्याच्याकडं पाहिलं. "एकच लिहा हं भाऊ. या वेळी माया करू नका."

त्यानं एक लिहिलं. सही केली आणि कागद लेकीपुढं सरकवला. तिनं वरपासून खालपर्यंत सगळा वाचला, वेळ पुन्हा मोबाइलवर तपासली आणि मग सही केली.